एकाच कोकराचा शिरस्ता

शिरूर तालुक्याच्या दक्षिण सरहद्दीवर, जेथे भीमेचे पात्र ओलांडले की दौंडची हद्द लागते, तेथे वडगाव रासाई हे गाव वसलेले आहे. नदीकाठच्या जमिनीत उसाचे फड, आणि पाण्याचा आधार सुटत गेला की ज्वारी, बाजरी व शेवटी उघडा माळ, असा या मुलखाचा उतरता क्रम आहे. सुगी आटोपून रान मोकळे झाले, की या पट्ट्यातील शेतकरी धनगरांच्या मेंढ्या आपल्या वावरात बसवून घेतात. जमिनीला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा रोकड मिळते, आणि हा व्यवहार कोणत्याही दस्तऐवजावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या कळपांतील मेंढी बहुधा दख्खनी जातीची असते. अंगाने बेताची, लोकरीने भरड, पायांनी मात्र विलक्षण चिवट, आणि ज्या माळावर दुसरे जनावर उपाशी उभे राहील तेथेही तोंड चालवून पोट भरणारी. तिच्या विणीचा शिरस्ताही कायम ठरलेला आहे: एका विणीला एक कोकरू. जुळे क्वचित होते, आणि झाले तर त्याची चर्चा धनगरांच्या वाड्यावर चार दिवस टिकते.

हा शिरस्ता कोणी घालून दिला? लोकांची सहज समजूत अशी, की कोकरांची संख्या गर्भाशयाच्या कुवतीवर अवलंबून असावी. परंतु मेंढीच्या बाबतीत संख्येचा मूळ निवाडा गर्भाशयात होतच नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, बोराएवढ्या आकाराच्या अंडाशयात होतो. माजाच्या वेळी तेथून एक अंडपेशी सुटली तर कोकरू एक, दोन सुटल्या तर बहुधा दोन. म्हणजे प्रश्न असा उरतो, की अंडाशयात सहस्रावधी अंडपेशी साठविलेल्या असताना दर सतरा दिवसांच्या ऋतुचक्रात त्यांतील एकच परिपक्व का व्हावी? आणि या प्रश्नाचे पहिले भरवशाचे उत्तर मेंढीकडून आले नाही, ते उंदराकडून आले.

उंदीर या कामी का निवडला गेला, हे सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत. त्याचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे, गर्भकाल तीन आठवड्यांच्या आतबाहेरचा, आणि एका वेळी आठ-दहा अंडपेशी सुटत असल्याने पिल्लांची वीणही मोठी. अमेरिकेत विल्यम कॅसल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उंदरांवर आनुवंशिकतेचे प्रयोग सुरू केले, त्यांचे शिष्य क्लॅरेन्स लिटल यांनी सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या चालवून एकजिनसी वंश तयार केले, आणि १९२९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा स्थापून ते वंश जगाला उपलब्ध करून दिले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस एखादे ठरावीक जनुक निकामी करून त्याच्या अभावी उंदीर कसा जन्मतो हे पाहण्याची युक्ती साधली, आणि तीबद्दल कापेकी, एव्हान्स व स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकेक जनुक काढून घ्यावे आणि अंडपेशीचा प्रवास कोणत्या मुक्कामावर थांबतो ते नोंदवावे, ही या संशोधनाची साधी पण अतिशय फलदायी रीत होय.

हा प्रवास उंदराच्या जन्मापूर्वीच सुरू होतो. गर्भावस्थेच्या मध्यास काही मोजक्या मूळ जननपेशी आपले उगमस्थान सोडून, आतड्याच्या कडेने सरकत, भावी अंडाशयाच्या जागी येऊन पोहोचतात. या स्थलांतरात त्यांचा जीव टिकवून धरणारी एक जोडी आहे: पेशीच्या पृष्ठभागावरील ‘किट’ नावाचे ग्राही प्रथिन आणि वाटेवरील पेशींनी पुरविलेले त्याचे पूरक द्रव्य. जनुकशास्त्राचे नावही नवे होते त्या काळापासून उंदीर पाळणाऱ्यांना कपाळावर वा पोटावर पांढरे ठिपके असलेले, पुष्कळदा रक्तक्षय झालेले आणि वांझ असे उंदीर परिचित होते. रंग, रक्त आणि वंध्यत्व यांची ही सांगड का, याचा उलगडा किट सापडल्यावर झाला. रंगपेशी, रक्ताच्या मूळ पेशी आणि जननपेशी या तिघींनाही गर्भात दूरवर सरकावे किंवा तग धरून वाढावे लागते, आणि तिघींचा आधार तोच एक संदेश असतो.

अंडाशयात पोहोचलेल्या जननपेशी अर्धसूत्री विभाजनास आरंभ करतात आणि ते अर्ध्यावर टाकून निद्रिस्त होतात. उंदराच्या पिल्लाचा जन्म होतो त्या सुमारास प्रत्येक अंडपेशीभोवती चपट्या पेशींचे एक वेष्टन जमते व त्यातून आद्य पुटक तयार होते. जिला वेष्टन लाभत नाही ती अंडपेशी नष्ट होते, आणि अशा नष्ट होणाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक असते. ‘फिगला’ नावाचे जनुक काढून घेतलेल्या माद्यांत हे वेष्टनच जमत नाही, असे २००० मध्ये आढळले. अंडपेशी येतात, पण पुटके घडत नाहीत, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत अंडाशय रिकामे होते.

या पुटकांचा साठा पुढे आयुष्यभर पुरवावयाचा असतो, म्हणून काहींना जागे करणे आणि बाकीच्यांना झोपेत ठेवणे हा सर्वांत नाजूक बंदोबस्त होय. २००३ मध्ये ‘फॉक्सओ-३’ हे जनुक नसलेल्या माद्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. या माद्यांत सर्व आद्य पुटके एकदमच जागी होतात, तारुण्याच्या आरंभी अंडाशय मोठे व भरगच्च दिसते, आणि थोड्याच अवधीत सारा साठा खर्ची पडून मादी वांझ होते. म्हणजे निद्रा ही नुसती जागृतीची अनुपस्थिती नव्हे. ती टिकविण्यासाठी अंडपेशीच्या आत एक जनुक सतत राबत असते. मला या साऱ्या इतिहासातील ही गोष्ट सर्वांत विचारास लावणारी वाटते, कारण वाढ होते तेव्हा काहीतरी घडते हे आपण सहज मानतो, पण वाढ थांबलेली असते तेव्हाही काहीतरी घडतच असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

तथापि आपल्या मेंढीच्या प्रश्नाशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध पोहोचतो असा शोध १९९६ चा आहे. टेक्सासमधील बेलर वैद्यक महाविद्यालयात मार्टिन मॅटझुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जीडीएफ-९’ हे जनुक काढलेल्या माद्या निर्माण केल्या. या जनुकाचे प्रथिन अंडाशयात अंडपेशीच तयार करते. माद्या वांझ निघाल्या. त्यांच्या अंडाशयात पुटके घडली, जागीही झाली, पण अंडपेशीभोवती वेष्टनातील पेशींचा, म्हणजे कणपेशींचा, एक थर पुरा होताच वाढ खुंटली. दुसरा थर चढलाच नाही. तोवर जीवशास्त्रज्ञांची सर्वसाधारण धारणा अशी होती, की अंडपेशी ही पोसली जाणारी, परावलंबी वस्तू असून तिची वाढ भोवतालच्या कणपेशी आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची संप्रेरके यांच्या हुकमाने चालते. आता दिसले ते असे, की अंडपेशी स्वतःच भोवतालच्या पेशींना वाढण्याचा संदेश धाडते, आणि तो थांबला तर तिला पोसणाऱ्या पेशीच थबकतात. २००२ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळेच्या जॉन एपिग यांनी याहून पुढची कसोटी लावली: अर्धवट वाढलेल्या पुटकातील मोठी अंडपेशी काढून ती अगदी कोवळ्या अंडाशयाच्या पेशींत बसविली, तेव्हा त्या कोवळ्या पेशींनीही आपल्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने पुटक वाढविले. पुटकाच्या कालगणनेचे दप्तर अंडपेशीकडे असते, याचा याहून स्वच्छ पुरावा मागणे कठीण.

अंडपेशीकडून जाणारे असे दुसरे संदेशद्रव्य ‘बीएमपी-१५’ हे होय, आणि येथे उंदीर व मेंढी यांच्या वाटा फुटतात. उंदराच्या मादीत त्याचे जनुक नाहीसे केले तर तिची प्रजननक्षमता काहीशी घटते इतकेच. मेंढीत मात्र या जनुकाचा एक विलक्षण प्रकार न्यूझीलंडमध्ये आढळला. तेथील रोम्नी जातीच्या एका मेंढीने अकरा विणींत ३३ कोकरे दिली. तिच्या वंशाला इन्व्हरडेल असे नाव पडले, आणि २००० मध्ये त्या वंशातील दोष ‘बीएमपी-१५’ मध्ये असल्याचे सिद्ध झाले. हे जनुक ‘क्ष’ गुणसूत्रावर असते. ज्या मेंढीच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असते तिला जुळी-तिळी अधिक होतात, आणि जिच्या दोन्ही प्रती सदोष असतात ती पूर्ण वांझ राहते. तिचे अंडाशय खुंटलेले, पुटके प्रारंभीच्या अवस्थेतच अडकलेली. एकाच संदेशाचा अर्धा अभाव संतती वाढवितो आणि पूर्ण अभाव ती संपवितो. नुसत्या उंदरावरून विचार करणाऱ्याला हे कधीही कळले नसते. जनुक समूळ काढून घेतल्याने त्याचे काम काय हे समजते. पण ते काम किंचित सौम्य झाले तर काय होते, हे समजण्यास निसर्गाने स्वतः केलेले लहान फेरफार पाहावे लागतात, आणि असे फेरफार कळप राखणाऱ्या माणसांच्या डोळ्यांखालीच टिकून राहतात.

असाच एक फेरफार बंगालच्या सुंदरबनात टिकून होता. तेथील गारोल मेंढी दख्खनी मेंढीच्या मानाने अगदी ठेंगणी; पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन पंधरा किलोच्या आतबाहेर. दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते, आणि जुळी किंवा तिळी देणे हा तिचा नित्याचा क्रम आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून निघालेल्या गलबतांतून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीत पोहोचल्या. तेथे त्यांचा अंश मेरिनो कळपांत मिसळला व दृष्टीआड झाला. दीडशे वर्षांनंतर न्यू साउथ वेल्समधील कूमा गावाजवळच्या ‘बूरूला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या असाधारण संख्येने कोकरे देत असल्याचे दिसून आले, आणि १९५८ पासून तेथील शासकीय संशोधन संस्थेने हा वंश आपल्या ताब्यात घेऊन त्याचा अभ्यास आरंभिला. १९८२ पर्यंत असे अनुमान निघाले, की ही बहुप्रसवता अनेक लहान जनुकांच्या बेरजेने आलेली नसून एकाच प्रभावी जनुकाची करामत आहे. त्या जनुकाला ‘फेक-बी’ म्हणू लागले. संशोधक हेलन न्यूटन टर्नर यांनी त्याच सुमारास त्याचे मूळ बंगालात असावे असा तर्क मांडला, आणि २००२ मध्ये आठ देशांतील मेंढ्यांचे रक्त तपासले गेले तेव्हा गारोल मेंढीत तोच फेरफार आढळून तो तर्क खरा ठरला.

फेरफार स्वतः अतिशय लहान आहे. २००१ मध्ये फ्रान्स, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड येथील तीन गटांनी जवळपास एकाच वेळी तो शोधून काढला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर, अंडाशयातील वाढीचे संदेश ग्रहण करणाऱ्या ‘बीएमपीआर-१बी’ या ग्राही प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या जागी ग्लुटामिन असावयाचे तेथे आर्जिनिन येते. बस्स, इतकेच. उंदरात हेच जनुक समूळ काढले तर मादी वांझ होते, आणि तिच्या पायांची बोटेही आखूड होतात; फेक-बी धारण करणारी मेंढी मात्र चार धड पायांनी माळावर हिंडते आणि जुळी पोसते.

आता हा फेरफार एकाच्या ठिकाणी दोन अंडपेशी कशा आणतो ते पाहू. बाजरीची रोपे दाट उगवली म्हणजे शेतकरी विरळणी करून मोजकी रोपे राखतो, तशीच विरळणी प्रत्येक ऋतुचक्रात अंडाशयात चालते, आणि ती करणारे द्रव्य म्हणजे पियूषिकेतून येणारे पुटकोद्दीपक संप्रेरक. चक्राच्या आरंभी हे संप्रेरक मुबलक असते, म्हणून अनेक पुटके एकाच वेळी वाढीस लागतात. वाढती पुटके इस्ट्रोजेन स्रवतात, इस्ट्रोजेनचा सुगावा लागताच मेंदू पुटकोद्दीपक संप्रेरकाचा पुरवठा आवळतो, आणि पुरवठा आटताच बहुतेक पुटके सुकून जातात. टिकते ते असे पुटक, की जे तोवर इतके प्रौढ झालेले असते, की त्याला दुसऱ्या एका संप्रेरकावर निभाव काढता येतो. दख्खनी वा कोणत्याही साध्या मेंढीत असे प्रौढत्व वेळेवर एखाद्याच पुटकाला लाभते, म्हणून विरळणीनंतर एकच उरते.

फेक-बी धारण करणाऱ्या मेंढीत पुटके लहान असतानाच प्रौढ होतात. साध्या मेंढीचे पुटक अंडपेशी सोडण्यापूर्वी मोठे व कणपेशींनी भरलेले असते. फेक-बी मेंढीचे पुटक त्याच्या निम्म्याएवढ्या व्यासातच पक्व होते आणि त्यात कणपेशीही कमी असतात. लहान पुटक इस्ट्रोजेनही थोडे स्रवते. तेव्हा मेंदूला जेवढ्या इस्ट्रोजेनची खबर एका मोठ्या पुटकाकडून मिळावयाची तेवढी मिळण्यास येथे दोन-तीन लहान पुटके लागतात. मेंदूचा अंमल बदललेला नाही, संप्रेरकांचा हिशेबही जवळपास तोच आहे. बदलली ती पुटकाच्या प्रौढत्वाची वेळ, आणि त्या वेळेबरोबर कोकरांची संख्या. बूरूला मेरिनोमध्ये फेक-बीच्या एका प्रतीने सुटणाऱ्या अंडपेशी सरासरी दीडने वाढतात आणि दोन प्रतींनी सुमारे तीनने. ‘अधिक सुपीक’ मेंढी असे आपण म्हणतो खरे, पण तिच्यात काही अधिक घातलेले नाही. एक संदेश किंचित वेगळ्या रीतीने ऐकला जातो, आणि निवडीचा क्षण आधी येतो.

भीमेच्या मुलखातून दक्षिणेकडे, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात उतरले, की फलटण लागते. तेथे बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापिली. कोरडवाहू शेतीच्या अनेक प्रश्नांबरोबर त्यांनी धनगरांच्या मेंढीचाही प्रश्न हाती घेतला, आणि त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी तो अनेक वर्षांच्या चिकाटीने तडीस नेला. १९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोल मेंढे फलटणला आणले गेले. गारोल ठेंगणी असल्याने तिचा नुसता संकर धनगराच्या कामाचा नव्हता. लहान कोकराला बाजारात भाव नाही. म्हणून तजवीज अशी ठरली, की गारोलकडून फक्त फेक-बी हे एक जनुक घ्यावयाचे आणि वारंवार दख्खनी मेंढ्यांशी संकर करून बाकीचा सारा अंश दख्खनीचाच राखावयाचा. आरंभी कोणत्या जनावरात जनुक आले आहे हे विणीवरूनच ओळखावे लागे. २००१ नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने रक्ताच्या नमुन्यावरून ते निश्चित सांगता येऊ लागले. ऑस्ट्रेलियाचे साहाय्यही या कामी लाभले. या खटाटोपातून ‘नारी सुवर्णा’ हा वंश सिद्ध झाला आणि त्याचे मेंढे आसपासच्या मेंढपाळांच्या कळपांत देण्यात आले. तेथील नोंदींवरून फेक-बीची एक प्रत असलेल्या मेंढीस विणीमागे सुमारे अर्धे जिवंत कोकरू अधिक मिळते, म्हणजे दोन विणींत एखादे जादा.

हे अर्धे कोकरू वाचकाला क्षुल्लक वाटेल. मला ते या साऱ्या प्रकरणातील अत्यंत शहाणपणाचे माप वाटते. बूरूला मेरिनोप्रमाणे तिळी-चौळी देणारी मेंढी आपल्या माळावर उतरविली असती, तर तिचे दूध पुरले नसते, कोकरे मेली असती आणि मेंढपाळाचा विश्वास कायमचा उडाला असता. दख्खनी पार्श्वभूमीवर तेच जनुक अधिक सौम्य वागते, बहुतेकींना दोनच कोकरे होतात, आणि दोन कोकरे पोसणे काटक मेंढीच्या आवाक्यात असते. मात्र त्यासाठी मेंढपाळाला खुराकाची व्यवस्था करावी लागते. हा गुण मेंढ्यात दिसत नाही, कारण त्याला अंडाशयच नाही. तरी दोन्ही प्रती बाळगणारा एक मेंढा कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक लेकीकडे एक प्रत पोहोचते. म्हणून मेंढपाळाला शंभर मेंढ्या बदलाव्या लागत नाहीत. त्याला एक मेंढा पारखून घ्यावा लागतो, आणि तो नजरेने पारखता येत नसल्यामुळे रक्ताच्या दाखल्यावर भिस्त ठेवावी लागते.

वडगाव रासाईसारख्या गावात, जेथे एका बाजूस उसाचे हिरवे वाढे उपलब्ध आहे आणि दुसऱ्या बाजूस कोरडा माळ आहे, तेथे या मेंढीचा जमाखर्च बराचसा वेळेवर अवलंबून राहील. मेंढीचा गर्भकाल सुमारे पाच महिन्यांचा, आणि गर्भाच्या वाढीचा मोठा हिस्सा शेवटच्या सहा आठवड्यांत होतो. पावसाच्या आरंभी, आषाढाच्या आगेमागे मेंढी फळली, तर हे सहा आठवडे आश्विन-कार्तिकात येतात, जेव्हा बाजरीची कापणी नुकतीच झालेली असते आणि बांधावर गवत असते. त्यात मूठभर भरडा वा पेंड रोज मिळाली, तर जुळी कोकरे पुरेशा वजनाची जन्मतात आणि आईला दूधही उतरते. तीच मेंढी उशिरा फळून ऐन उन्हाळ्यात व्याली, तर दुसऱ्या कोकरासाठी शेळीचे दूध शोधावे लागते, आणि पुष्कळ वाड्यांवर धनगर मेंढ्यांबरोबर चार शेळ्या याचसाठी बाळगतात.